अर्ध्या पोरी वर, अर्ध्या खाली

ऋजुताला कुणी विचारलं की तू काय काम करतेस, तर ती सांगते, "पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत नदीला किती पाणी असेल ते काढते." देवासमध्ये हे उत्तर दिलं की समोरचा माणूस आपला तळहात पुढे करतो. "मग बेटा, जरा इथलंही बघून सांग." लग्नकार्यांत हे इतक्यांदा झालं की आता ती आपणहून म्हणते, "काका, मी फक्त नद्यांच्या पत्रिका बघते." लोक हसतात. तीही हसते.

ती माझी मोठी मुलगी. माझं माहेर धारचं. सुट्टीत देवासहून धारला जाताना इंदूरच्या आधी बस क्षिप्रेच्या पुलावरून जाते. त्या पुलासाठी ती आणि तिचा धाकटा भाऊ मनन खिडकीवरून भांडायचे. मे महिन्यात पुलाखाली बघायला फारसं काही नसायचं, कडेला जलपर्णी आणि मध्ये वाळलेला पट्टा. "नदी कुठे गेली?" असं तिने एकदा विचारलं. तिचे बाबा, भास्कर, म्हणाले, "मामाकडे. पाऊस आला की येईल." पुढच्या वर्षी जुलै आला तरी पाणी दिसेना, तेव्हा सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "बाबा, मामाने सोडलं नाही वाटतं."

देवासच्या माणसाला पाण्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. मी लग्न होऊन इथे आले त्याच्या काही वर्षं आधी या गावाला आगगाडीने पाणी आणावं लागलं होतं. सासूबाई ती गोष्ट सांगताना स्टेशनच्या दिशेला मान वळवायच्या. त्यामुळे ऋजुताने इंदूरला सिव्हिल इंजिनियरिंग केलं आणि पुढे पाण्याचाच विषय घेतला, तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. मला वाटलं होतं सरकारी नोकरी मिळेल, धरणावर क्वार्टर मिळेल. ती मात्र गावांसाठी पाण्याचे आराखडे करणाऱ्या एका संस्थेत लागली आणि मोटारसायकलवर बसून ओढे मोजत फिरू लागली.

तिचं काम मी तिच्याकडून स्वयंपाकघरात समजून घेतलं, पोळ्या करता करता. जगात ठिकठिकाणी शास्त्रज्ञांनी हवेची मोठमोठी गणितं मांडली आहेत. हवा अशीच तापत गेली तर कुठे किती पाऊस पडेल, ते त्यातून निघतं. एकाचं गणित म्हणतं माळव्यात पाऊस वाढेल, दुसऱ्याचं म्हणतं घटेल. ऋजुता ती सगळी घेते, एका छोट्या नदीच्या खोऱ्यापुरती आणते, त्यात तिथला उतार घालते, माती घालते, जंगल किती उरलंय ते घालते. मग नदीचे पुढचे दिवस दिसू लागतात. एक चित्र नाही, दहा-बारा. "मग खरं कुठलं?" मी विचारलं. ती म्हणाली, "तेच तर सांगता येत नाही. सगळ्यांत सारखं काय आहे एवढंच सांगता येतं." मी पोळी उलटली आणि मनात म्हटलं, हिच्याशी लग्न करणारा मुलगा फार धीराचा हवा.

आता देवासची एक खोड सांगते. मी धारची म्हणून मला ती दिसते, इथल्यांना ती खोड वाटतच नाही. धारला एकच गादी होती. देवासला दोन. दोन भावांनी राज्य वाटून घेतलं, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि एकाच गावात दोन राज्यं नांदली. राज्यं जाऊन पाऊणशे वर्षं झाली, पण त्या दरबारांबरोबर महाराष्ट्रातून आलेल्या घरांमध्ये तो स्वभाव उरला. धारची माणसं भांडण तडीस नेतात, एक जिंकतो, एक हरतो. देवासला कुणी हरत नाही. दोघांचं ऐकतात आणि मधोमध रेघ मारतात. हळदीकुंकू पाचला की सहाला? साडेपाचला. श्रीखंडात वेलची की जायफळ? दोन्ही, निम्मं निम्मं. लग्नानंतर मला हे फार आवडलं होतं.

आमच्या मराठी मंडळींचा एक शिक्षण निधी आहे. त्याचे विश्वस्त सहा, तीन थोरल्या पातीच्या घरांतले, तीन धाकट्या पातीच्या. अध्यक्षाला जादा मत नाही, ते मुद्दामच ठेवलेलं नाही. अध्यक्ष नीलकंठराव, म्हणजे भास्करचे चुलते. घरात सगळे त्यांना आबासाहेब म्हणतात. धाकट्या पातीकडून बोलतात त्या भवानीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्या आमच्या नात्यातल्या नाहीत, पण ऋजुता त्यांना लहानपणापासून आत्याबाई म्हणते.

या निधीने उदयनगरकडच्या जंगलभागात आदिवासी मुलींसाठी वसतिगृह बांधायचं ठरवलं. तिकडे शाळा आहे, पण मुलींची घरं लांब लांब डोंगरांत. दुसरी-तिसरी झाली की मुली घरी बसतात. जमीन एका जुन्या सभासदाने दान दिलेली होती. धावडी नावाच्या लहानशा नदीच्या काठापासून टेकाडाच्या माथ्यापर्यंत चढत जाणारी अरुंद पट्टी. प्रश्न एवढाच होता की त्या उतारावर इमारत नेमकी कुठे बांधायची. आबासाहेब म्हणाले, "घरचीच मुलगी नद्यांचं बघते, तिला विचारा."

ऋजुताने ते काम फुकट केलं आणि पगाराच्या कामापेक्षा जास्त जीव लावून केलं. धावडीवर सरकारी मोजणी कधी झालेलीच नव्हती, म्हणून तिने शेजारच्या मोठ्या नदीची जुनी माहिती घेतली, स्वतः पावसाळाभर जाऊन धावडीचं पाणी मोजलं. म्हाताऱ्यांना विचारून जुन्या पुराच्या खुणा शोधल्या. अहवाल झाला तेव्हा बैठक आमच्याच घरी ठेवली, कारण आबासाहेबांना जिना चढवत नाही आणि आमचं घर तळमजल्यावर आहे.

आबासाहेबांनी अहवाल शेवटून वाचायला सुरुवात केली. ते वर्तमानपत्रही तसंच वाचतात.

"अगं, इथे लिहिलंय ना तू स्वतः. वर्षभराच्या सरासरी प्रवाहात फारसा बदल अपेक्षित नाही. मग झालं तर."

"आबासाहेब, ती ओळ एकटी वाचू नका."

"मग लिहिलीस कशाला?"

"खरी आहे म्हणून."

भवानीबाई पदराआड हसल्या. ऋजुता मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हती. "वर्षाचं पाणी साधारण तेवढंच राहील," ती म्हणाली, "पण ते येण्याची रीत बदलेल. आज जे चार महिने हळूहळू येतं, ते थोड्या दिवसांत धडाधड येऊन जाईल. एखाद्या दिवशी धावडी आजवर चढली नाही इतकी वर चढेल. आणि होळीनंतर तिच्यात पाणी राहणार नाही. पुराबद्दल जवळजवळ सगळी गणितं हेच म्हणतात. उन्हाळ्याबद्दल बरीचशी."

"जवळजवळ आणि बरीचशी," आबासाहेब म्हणाले. "नक्की काय ते सांग ना, बाळ."

"नक्की एवढंच आहे."

मग वाद सुरू झाला. थोरल्या पातीचे तिघे म्हणाले, माथ्यावर बांधू, हवा चांगली, पुराची भीती नाही. धाकट्या पातीचे म्हणाले, काठाशी बांधू, विहिरीला पाणी लागेल, रस्ताही तिथूनच जातो. दोन्हीकडे बांधण्याइतका निधी नव्हता. थोडा वेळ असं चाललं आणि मग मी ज्याची वाट बघत होते ते वाक्य आलं. कुणी म्हटलं ते आठवत नाही, सगळ्यांनी मिळूनच म्हटलं असावं. "मग मध्ये बांधू." सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. मी चहा आणायला उठले.

"मध्ये नको," ऋजुता म्हणाली. "मधली जागा सगळ्यांत वाईट. तिथे पूर पोहोचेल आणि विहिरीला पाणी लागणार नाही. दोन्ही संकटं एकदम."

"अगं, दोघांचंही ऐकलं जातंय."

"नदी नाही ना ऐकणार. आबासाहेब, आपली शुगर पहाटे पन्नासवर येते आणि रात्री जेवणानंतर अडीचशे. सरासरी दीडशे. डॉक्टर सरासरी बघून गोळी देतात का?"

"माझी शुगर या सभेत आणायची नाही," आबासाहेब म्हणाले. "आणि ते अडीचशे बुंदीच्या लाडवामुळे होतं."

"तोच तुमचा पूर," भवानीबाई म्हणाल्या, आणि मग सगळेच हसले. पण मुद्दा पोहोचला होता. भवानीबाईंनी हसणं थांबवून विचारलं, "मग एकच जागा सांग. वर की खाली?"

तिला हे सांगायचं नव्हतं हे माझ्या लक्षात आलं. तिचं काम सांगण्यापर्यंतचं, ठरवण्याचं नव्हे. तिने पेल्याभोवती दोन्ही हात धरले. "वर," ती म्हणाली. "टंचाई दिसत दिसत येते, तिच्यावर काहीतरी करता येतं. पूर झोपेत येतो."

सहाही जण हो म्हणाले. अहवालाखाली तिने सही केली. त्या दिवसापासून ते वसतिगृह निधीचं कमी आणि तिचं जास्त झालं.

इमारत माथ्यावर बांधली. थोरल्या पातीच्या घरांनी पुढाकार घेतला म्हणून दर्शनी भिंतीवर त्यांच्या नावांची संगमरवरी पाटी लागली. देवासच्याच एका मराठी कुटुंबातली पार्वती अधीक्षिका म्हणून तिथे राहायला गेली, घटस्फोटित, पस्तिशीची, बोलायला फटकळ आणि मुलींच्या बाबतीत वाघीण. आसपासच्या गावांतून मुली आल्या. ऋजुता म्हणाली होती तसंच झालं. माथ्यावरची विहीर होळीपर्यंत पुरली आणि मग तिच्यात दोरीच्या टोकाला चिखल लागू लागला. मार्च-एप्रिलमध्ये टँकर यायचा तो खालच्या रस्त्यापर्यंत, त्या चढावर तो चढत नसे. मुली शाळेतून आल्या की हंडे-कळश्या घेऊन खाली जायच्या आणि भरून वर यायच्या. खालून पाणी वर चढवायला सौरपंप हवा म्हणून ऋजुताने सरकारकडे अर्ज केला होता, तो मंजुरीच्या रांगेत होता.

आणि पूर आला नाही.

पहिल्या पावसाळ्यात धावडी नेहमीसारखी वाहिली. दुसऱ्यातही. काठावर ज्यांची शेतं आहेत ते लोक ऋजुताला "बाढ़वाली मॅडम" म्हणू लागले. शनिवारी ती तिकडे गेली की रस्त्यावर कुणीतरी हमखास विचारायचं, "मॅडम, इस साल पक्का है ना? नाव बनवा लें?" ती म्हणायची, "बनवा लो, मछली पकड़ना." घरी येऊन हे सांगताना तिचा आवाज हलका असायचा. पण ती जेवता जेवता मोबाइलवर ढगांचे नकाशे उघडून बसायची, आणि तिचा घास ताटातच राहायचा.

वसतिगृहात गुड्डी नावाची सहावीतली मुलगी होती, बारेला समाजाची, चढावर सगळ्यांच्या पुढे असणारी. एकदा दोघी पायऱ्यांवर टेकल्या असताना तिने विचारलं, "दीदी, वो बाढ़ कब आएगी?"

"कौन-सी बाढ़?"

"जिसके लिए हम ऊपर रहते हैं."

ऋजुताने हे मला कपडे वाळत घालताना सांगितलं, पाठमोरी राहून. मग म्हणाली, "आई, कधीकधी वाटतं एकदा येऊन जावा. माणसं नकोत, जनावरं नकोत, नुसता शेतातून जावा. पोरींना कळेल तरी त्या कशासाठी चढतात. आणि मग लगेच माझीच मला किळस येते." मी तिच्या हातातली चादर घेतली. आई म्हणून मला काहीतरी सांगता यायला हवं होतं. डॉक्टरच्या निदानाचं खरंखोटं रोग्यावरून कळतं, वकिलाचं निकालावरून. माझ्या मुलीचं खरं ठरायला कुणाचं तरी वाईट व्हावं लागणार होतं, आणि ते झालं नाही तर ती आयुष्यभर खोटी.

गेल्या मार्चमध्ये गुड्डी भरला हंडा घेऊन चढताना घसरली. हात मनगटात मोडला. उदयनगरला प्लास्टर झालं, पण हाड नीट बसलं नाही, मनगट थोडं वाकडंच राहिलं. तिचा बाप तिला घरी न्यायला आला होता. पार्वतीने त्याला दारातच अडवलं आणि शाळेचं वर्ष संपेपर्यंत ठेवून घेतलं. मग तिने देवासला फोन केला, ऋजुताला नाही, थेट आबासाहेबांना. "साहेब, मला पुराचं काही कळत नाही. मला हंडे दिसतात. यंदा एकीचा हात गेला."

पुन्हा बैठक झाली. ऋजुताने आधीच तयारी केली होती. निधीने अर्जाची वाट न बघता स्वतः पंप बसवावा, काठाशी विहीर खणून तिथून नळ वर न्यावा, एवढंच तिचं मागणं होतं. पण धाकट्या पातीच्या लोकांच्या मनात दोन वर्षं काहीतरी साचलं होतं. वरच्या इमारतीवर पाटी थोरल्या पातीची. पंपावर पाटी लावायला जागाच नसते. आता देणगी द्यायची त्यांची पाळी होती आणि त्यांना इमारत हवी होती.

"खाली, पाण्यापाशी दोन खोल्या आणि स्वयंपाकघर," भवानीबाई म्हणाल्या. "अर्ध्या पोरी वर, अर्ध्या खाली. कुणालाच पूर्ण त्रास नाही."

"अर्ध्या?" ऋजुताने विचारलं. "कुठल्या अर्ध्या?"

"लहान असतील त्या. त्यांनाच चढवत नाही ना."

मी ऋजुताकडे बघत होते. ती एवढंच म्हणाली की लहान मुलींनाच पुरात हलवणं सगळ्यांत कठीण असतं. आबासाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाळ, तुझंही ठेवलं, त्यांचंही ठेवलं. आणखी काय हवं?" भवानीबाईंना मी चांगली ओळखते. त्या वाईट नाहीत. त्यांनी गुड्डीच्या उपचारासाठी स्वतः माणूस पाठवला होता. त्यांच्या मनात खरोखर न्याय झाला होता.

ऋजुताने या वेळी सही केली नाही. इंदूरच्या एका निवृत्त इंजिनियरने केली. त्यांनी खोटं काही लिहिलं नाही. या जागी आजवर पुराचं पाणी आल्याचं कुणाच्या आठवणीत नाही, एवढंच लिहिलं, आणि ते खरं आहे. जूनच्या आत खालच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या, पाटीसकट.

जुलैच्या सुरुवातीला ऋजुताने संस्थेत बिनपगारी रजा मांडली, एका पिशवीत कपडे भरले आणि उदयनगरला गेली. पावसाळा संपेपर्यंत खालच्या खोल्यांत लहान मुलींबरोबर राहणार म्हणाली. भास्कर म्हणाले, "पार्वती आहे ना तिथे." ती म्हणाली, "बाबा, पार्वतीताई एकटी दोन्हीकडे कशी असेल?"  मी पंधरा दिवस थांबले आणि मग बागली, पुंजापुरा करत बसने तिला परत आणायला गेले.

मला सगळं पटवून देण्याची तयारी होती. तिच्या वयाच्या मुली, संस्थेतली बढती, पुण्याहून आलेलं एक स्थळ, जे मी तिला अजून सांगितलंही नव्हतं. पण गेल्या गेल्या तिने माझ्या हातात लसणाची जुडी दिली आणि म्हणाली, "आई, सोल, बोलू मग." खालच्या खोल्या छान होत्या, हे कबूल करायला हवं. नळाला पाणी होतं. पायरीपासून धावडी पन्नासएक पावलांवर, गढूळ, पण शांत. मुली भिंतीला टेकून पाढे म्हणत होत्या. ऋजुताने तिथे एक पद्धत बसवली होती. नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरात, एका शाळेचा शिक्षक राहतो. तिकडे जोराचा पाऊस झाला की तो फोन करतो. ते पाणी इथवर पोहोचायला तास-सव्वा तास लागतो. तेवढ्यात सगळ्या मुलींनी वळकट्या घेऊन वर जायचं.

"किती वर्षं येणार आहेस अशी?" लसूण सोलता सोलता मी विचारलं.

"पंप होईपर्यंत."

"आणि नाही झाला तर?"

"माझा अहवाल दोन हजार पन्नासपर्यंतचा आहे," ती म्हणाली. ती चेष्टा करत होती, पण मी हिशेब करून बसले. तोवर ती पन्नाशीला पोहोचलेली असेल.

त्याच दिवशी संध्याकाळी फोन आला. पाऊस इथे थेंबभरही नव्हता. आभाळात मावळतीचं ऊन होतं आणि मुली अंगणात लंगडी खेळत होत्या. ऋजुताने शिट्टी वाजवली. गुड्डी वरून धावत खाली आली, वाकड्या मनगटाच्या हाताने एका पोरीचा दंड धरून तिला चढवायला लागली. पार्वती पुटपुटत भांडी झाकत होती. आम्ही सगळ्या वर गेलो, एका खोलीत दुप्पट मुली, उकाडा, डास, रडारड. अंधार पडल्यावर नदीचा आवाज वाढला. सकाळी खाली उतरून बघितलं तर पाणी पहिल्या पायरीपर्यंत येऊन ओसरलं होतं. पायरीवर चिखलाची पट्टी आणि एक चप्पल, आमच्यातल्या कुणाचीच नव्हे.

रस्त्यावरून दूध घेऊन जाणारा एक माणूस थांबला. "क्यों मॅडम, बाढ़ सीढ़ी धोने आई थी क्या?"

"हाँ," ऋजुता म्हणाली. "कल पोंछा लगाएगी."

तो हसत गेला. ती खाली वाकून पट्टीची उंची मोजू लागली. मी म्हटलं, "आलं तरी इतकंच. तू म्हणतेस तेवढं नाही." ती म्हणाली, "आई, हे येणं मी म्हणते त्यातलं नाहीच. हे आजचंच आहे, नेहमीचं. ते यायचं आहे. या वर्षी येईल, वीस वर्षांनी येईल, मला माहीत नाही." हे सांगताना तिचा चेहरा मला लहानपणच्या कुठल्याच चेहऱ्यासारखा वाटला नाही. मी त्या क्षणी स्थळाचं काढणार होते. काढलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी पुन्हा फोन आला.

मुलींनी नुकतंच खालच्या खोलीत अंथरूण घातलं होतं. आदल्या रात्रीचं जागरण सगळ्यांच्या डोळ्यांवर होतं. पार्वती कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. "ताई, आज राहू दे ना. काल काय आलं, पायरीला. दोघींना सर्दी झालीय. एकीला ताप आहे."

"ताप आहे तिला मी उचलून घेते."

"रोज असं करणार का?"

"फोन येईल त्या दिवशी."

"आणि पाणी येणार नाही त्या दिवशी?"

"त्या दिवशीसुद्धा."

"पोरी ऐकायच्या नाहीत मग. आणखी दोनदा पळवशील, तिसऱ्यांदा एक उठायची नाही. मी सांगून ठेवते."

 पार्वती म्हणत होती ते ऋजुतालाही माहीत होतं, तिने मला दुपारीच सांगितलं होतं की पाण्यापेक्षा तिला याचीच भीती वाटते. तिने शिट्टी वाजवली. काही मुली उठल्या. बाकीच्यांनी पांघरूण डोक्यावर ओढलं. दाराजवळची एक अगदी लहान, आठ-नऊ वर्षांची, बसूनच राहिली आणि तिने विचारलं, "दीदी, आज सच में आएगी?"

"पता नहीं," ऋजुता म्हणाली.

"तो फिर?"

"तो फिर चलो."

ती मुलगी तिच्याकडे बघत राहिली. मग उठली नाही, नुसते हात वर केले. ऋजुताने ताप आलेलीला आधीच कडेवर घेतलं होतं. गुड्डी पांघरुणं ओढत होती, आपल्या बारेली बोलीत शिव्या देत होती, आणि त्या शिव्यांनी दोघी-तिघी उठल्या. अजून चार-पाच तशाच होत्या.

मी ऋजुताला घरी न्यायला आले होते. माझी पिशवी भरून दारामागे ठेवलेली होती, सकाळच्या बसची. मी खाली वाकले, त्या बसलेल्या पोरीला पाठीवर घेतलं आणि पार्वतीला म्हटलं, "त्या चौघींचं तू बघ." पार्वतीने माझ्याकडे पाहिलं. मग एकेक पांघरूण फर्रकन ओढून तिने त्यांना उभं केलं, आणि दाराला कडी घालून सगळ्यांच्या मागून चढायला लागली.